वाचकांचे प्रश्न : मेपलचे पान आपल्याकडे लाल का होत नाही?

मोबाइलवरून रोपे मागवण्याची सोय खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आणि तिच्या मागोमाग जपानी मेपलही वऱ्हाडात आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत येऊन पोहोचला, असे या वेळच्या टपालावरून दिसते. सात पत्रे याच झाडाविषयी किंवा त्याच्या रंगाविषयी आली आहेत, म्हणून या महिन्याची सगळी पाने त्यांनाच दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पुढच्या बहुतेक शंकांचे मूळ त्यातच असल्यामुळे ते वाचकांनी चालवून घ्यावे.

प्रश्न : वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने पुण्याहून जपानी मेपलची दोन कलमे पाठवली. सोबतच्या चित्रात झाड शेंदरासारखे लाल होते. आमच्याकडे दोन्ही वर्षी मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या आणि थंडीत पाने लाल न होता मळकट तपकिरी होऊन गळाली. संत्र्याला देतो तसा पाणी तोडून ताण दिला तर रंग येईल काय?

उत्तर : ताण देऊ नका, हे आधी सांगून टाकतो, कारण हे उत्तर आपल्या हाती पडेपर्यंत आपण पाणी तोडलेलेही असेल. तसे का, ते पुढे येईलच.

चित्रातला लाल रंग नेमका कोणता, हे प्रथम पाहायला हवे. जपानी मेपलचे शास्त्रीय नाव एसर पाल्माटम. कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाल्माटम म्हणजे तळहातासारखे. जपानी लोकांनी या झाडाला दिलेल्या ‘काएदे’ या नावाच्या मुळाशी मात्र बेडकाचा हात आहे, आणि पानाकडे पाहिले की तेच नाव अधिक पटते. या झाडाचे शेकडो वाण आहेत आणि त्यांचे लाल रंग एकसारखे नाहीत. ‘ब्लडगुड’ या वाणाची पाने फुटतानाच जांभळट लाल असतात. त्या रंगाचा पानगळीशी संबंध नाही आणि कडक उन्हाळ्यात तो उतरून पान हिरवट काशाच्या रंगाचे होते. ‘ओसाकाझुकी’ उन्हाळाभर साधा हिरवा असतो आणि शरदाच्या शेवटी पेटल्यासारखा लाल होतो. ‘सांगो काकू’चे पान पिवळे होऊन गळते, त्याची लाल असते ती कोवळी फांदी. तेव्हा कलमासोबत आलेल्या चिठ्ठीवर वाणाचे नाव आहे का, ते पाहावे. नाव नसेल आणि रोप बियांपासून केलेले असेल, तर त्याचा रंग कोणता निघेल याची हमी विकणाऱ्यालाही देता येत नाही.

आता पान लाल होते म्हणजे काय होते, ते पाहू. पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या की झाड हरितद्रव्य मोडते आणि पानातील प्रथिनांतले नत्र (नायट्रोजन) फांदीत व खोडात परत ओढून घेते. हिरवा पडदा सरला की मुळात तेथे असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. संत्रा बागायतदाराला ही गोष्ट मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात पाणी तोडून धरलेल्या फुलोऱ्याच्या, फळावर ती दरवर्षी घडते. ऑक्टोबरात आतून गोड झालेले संत्रे वरून हिरवेच असते, आणि रात्री गार पडल्यावरच त्याच्या सालीतले हरितद्रव्य जाऊन नारिंगी रंग उघडा पडतो. थंडी लांबली की व्यापाऱ्यांना इथिलीन वायूच्या खोलीत फळाला रंग चढवावा लागतो, तो याचमुळे. पिवळ्या मेपलचा रंग आणि संत्र्याचा रंग हे एकाच प्रकारचे काम आहे.

लाल रंगाची कथा वेगळी आहे. तो पानात आधीपासून नसतो, तर अखेरच्या दिवसांत नव्याने तयार होतो. त्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात आणि ते साखरेपासून बनते. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरू लागला की पानातली साखर झाडात उतरणे मंदावते. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर पान आणखी साखर करत राहते. रात्र गार असेल तर ती साखर श्वसनात खर्च होत नाही. या तिन्ही गोष्टी काही आठवडे एकत्र जुळून आल्या म्हणजे पान लाल होते. एक जरी हुकली तरी पिवळे, नारिंगी किंवा नुसते तपकिरी होऊन गळते. तीव्र उजेडात, हरितद्रव्य मोडत असताना, पानाच्या पेशींचे रक्षण करण्यासाठी झाड हा रंग बनवत असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

आपल्याकडे यातले काय जुळते? ऊन भरपूर आहे, त्याविषयी तक्रार नाही. दिवसाच्या लांबीत मात्र मोठा फरक आहे. जपानमधले क्योटो शहर साधारण ३५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तेथे जूनमधला मोठा दिवस साडेचौदा तासांचा आणि डिसेंबरमधला लहान दिवस पावणेदहा तासांच्या आसपास असतो. नागपूर २१ अंशांवर, त्यामुळे आपला मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतला आणि लहान दिवस पावणेअकरा तासांहून थोडा मोठा. ऋतू बदलल्याची जी स्पष्ट खूण झाडाला तेथे मिळते, ती येथे पुसट असते. थंडीचे म्हणाल, तर जपानी लोकांचा ढोबळ हिशेब असा आहे की रात्रीचे किमान तापमान आठ अंशांखाली गेले की मेपल रंग धरतो आणि पाच अंशांपर्यंत उतरले की रंग झपाट्याने चढतो. क्योटोत हे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होते आणि तेव्हा तेथील दुपारही सतरा-अठरा अंशांवर थांबते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीचे सरासरी किमान तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली की पारा खूप खाली जातो हे खरे; २०१८ च्या डिसेंबरअखेर तो नागपुरात ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. परंतु ती लाट चार-सहा दिवसांची असते, आणि एरवी दुपारी तापमान पुन्हा अठ्ठावीस अंशांवर जाते. झाडाला निजण्यासाठी सलग थंडी लागते, मधूनमधून येणारी हुडहुडी पुरत नाही.

तरीही आपल्या झाडांची मुख्य अडचण डिसेंबर नसून मे महिना आहे, असे माझे मत आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात मेपलच्या पातळ पानातून पाणी इतक्या वेगाने उडते की मुळे ते पुरवू शकत नाहीत आणि पान कडेपासून करपते. करपलेले पान पुढे साखर करू शकत नाही, आणि साखर नाही तर लाल रंगही नाही. कार्तिकात रंग पाहायचा असेल, तर वैशाखात पान शाबूत राखावे लागते.

आता ताणाविषयी. संत्र्याचे झाड सदाहरित आहे. आंबिया बहारासाठी नोव्हेंबर-डिसेंबरपासून किंवा मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडले की त्याची वाढ थांबते, पाने मलूल होऊन काही गळतात, आणि पाणी सोडल्यावर फुले येतात. आपल्याला हवी आहेत ती फुले; पानांचे काय झाले याची चिंता आपण करत नाही. मेपलमध्ये नेमकी पानेच हवी आहेत. त्याची मुळे बारीक आणि उथळ असतात. पाणी तुटले की देठाचा थर धरण्याआधीच पान वाळते आणि तपकिरी होऊन फांदीवरच लटकत राहते. थंड प्रदेशात शरदात माती किंचित कोरडी राहिली तर रंग खुलतो, असे तेथील बागवान म्हणतात. ते त्यांच्या दमट हवेत बरोबर असेल, वरुडच्या हवेत ते करू नये.

मग काय करता येईल? झाडे काळ्या जमिनीत असतील, तर पानगळ झाल्यावर जानेवारीत मुळांच्या गड्ड्यासह काढून रुंद मातीच्या कुंडीत लावावीत. मेपलला साडेपाच ते साडेसहा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) असलेली, निचऱ्याची माती लागते. आपली भारी काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू आठच्या आसपास, पावसाळ्यात चिबडणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. कुंडीत कोकोपीट, पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि जाड वाळू यांचे मिश्रण घ्यावे. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत कुंडी आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत, सकाळचे नऊपर्यंतचेच ऊन मिळेल अशी ठेवावी. त्यावर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी टाकली तर अधिक चांगले. दिवाळीनंतर हीच कुंडी उघड्यावर, सकाळपासून दुपारपर्यंतच्या उन्हात आणावी, कारण लाल रंग उजेडाशिवाय बनत नाही; वर्षभर सावलीत ठेवलेले झाड जगते पण पिवळे होऊन गळते. गणपती उठल्यावर युरिया किंवा दुसरे नत्रयुक्त खत अजिबात घालू नये, नाहीतर पान हिरवेच राहून कोवळी फूट येते आणि तीच थंडीत मळकट होते.

एवढे करूनही क्योटोसारखा रंग येणार नाही. काही पानांवर तांबूस झाक आली, तर ते यश मानावे. पुरेशी थंडी न मिळालेले मेपल वसंतात अर्धवट फुटते आणि दरवर्षी अशक्त होत जाते, हेही मनात धरून ठेवावे. माझ्या गच्चीवरच्या मेपलने दोन उन्हाळे काढले आणि तिसऱ्यात मान टाकली. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात बोअरवेलचे पाणी किती खोल गेले आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. दोन कुंड्यांपुरते पाणी ठीक, पण मेपलची बाग करण्याचा विचार कोणी सांगितला तर मी त्याला विरोधच करीन.

प्रश्न : मोबाइलवर निळ्या आणि जांभळ्या पानांच्या मेपलच्या शंभर बिया स्वस्तात मिळाल्या. हिंगणघाटजवळ आमच्या वावरात महिना झाला तरी एकही उगवली नाही. पेरणी कशी करावी?

उत्तर : निळ्या पानांचा मेपल जगात कोठेही नाही; ती चित्रे संगणकावर रंगवलेली असतात. खऱ्या मेपलची बी एका पंखाची असते, पिंपळपानी आकाराच्या चपट्या बिया मिळाल्या असतील तर त्या दुसऱ्याच कशाच्या तरी आहेत. बी खरी असली तरी ओलसर वाळूत मिसळून तीन-चार महिने फ्रीजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवावी लागते, तेव्हाच तिची निद्रा मोडते, आणि फार सुकलेली जुनी बी तरीही उगवत नाही. पैसे गेले असे समजा. त्या अनोळखी बिया आता वावरात ठेवू नका. कोणते तण घरात आणले हे कळायला दोन पावसाळे जातात.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या शेतात पऱ्हाटीवर (कपाशीवर) दरवर्षी लाल्या, म्हणजे पाने लाल पडण्याचा विकार, येतो. मेपलच्या पानातील लाल रंग आणि लाल्याचा लाल रंग एकच आहे काय? एकच असेल तर एकाला पाहायला लोक प्रवास करतात आणि दुसऱ्यावर आम्ही फवारणी करतो, असे का?

उत्तर : रंग एकाच गटातला आहे. दोन्हीकडे अँथोसायनिनच असते, आणि दोन्हीकडे ते जमण्याची परिस्थितीही मिळतीजुळती आहे : हरितद्रव्य कमी होत चाललेले, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री उतरलेले तापमान. म्हणून लाल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रात्री गार पडू लागल्यावर अधिक दिसतो.

फरक आहे तो पानाच्या कामाचा. मेपलचे पान लाल होते तेव्हा त्याचे वर्षभराचे काम संपलेले असते आणि त्यातले नत्र झाड सुरक्षित ठिकाणी नेत असते. पऱ्हाटीचे पान लाल होते तेव्हा बोंडे भरण्याच्या ऐन भरात असतात. एकाच वेळी पुष्कळ बोंडे लागली की ती पानांतून नत्र आणि मॅग्नेशियम ओढून घेतात, आणि जमिनीतून तेवढा पुरवठा झाला नाही तर पान वेळेआधी म्हातारे होते. मॅग्नेशियम हे हरितद्रव्याच्या रेणूच्या अगदी मध्यभागी असलेले मूलद्रव्य आहे. ते कमी पडले की हरितद्रव्य टिकत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि पाणी साचून मुळे गुदमरलेल्या भागात लाल्या जास्त दिसतो, तो याच कारणाने. आपल्या वडिलांनी हंगामाच्या मध्यावर मॅग्नेशियम सल्फेट आणि नत्राची फवारणी केली, तर ती हिरव्या पानांना वाचवण्यासाठी असते. पूर्ण लाल झालेले पान फवारणीने परत हिरवे होत नाही, आणि शेतकऱ्याची निराशा बहुधा या अपेक्षेतूनच होते. मात्रा किती घ्यावी हे माती परीक्षणाचा कागद घेऊन कृषी सहायकांना विचारावे.

एक सावधगिरी बाळगावी. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन खाली वळल्या असतील, तर तो तुडतुड्यांचा मार असू शकतो. पान उलटून पाहावे. हिरवट पिवळे, तिरके चालणारे बारीक किडे दिसले तर उपाय वेगळा आहे.

प्रयोग करायचा असेल तर लाल्याची मूठभर पाने कुटून कोमट पाण्यात भिजवा आणि गाळून दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. लिंबाच्या पेल्यात लाल रंग उजळेल आणि सोड्याच्या पेल्यात तो जाऊन हिरवट-निळसर छटा येईल. जास्वंदाच्या पाकळ्यांचा हाच प्रयोग आपण शाळेत केला असेल. शेजारी देशी बदामाच्या गळू घातलेल्या लाल पानाचा पेला ठेवला, तर प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहायला पुष्कळ मिळेल.

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यात राहतो. मेपलची कुंडी पूर्ण सावलीत आहे, तरी पानांच्या कडा जळतात, आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. शेजारी म्हणतात, हा पानगळीचाच रंग आहे.

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर नाही. पानगळीचा पिवळेपणा जुन्या पानांसह सगळ्या झाडावर येतो. कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्या ठेवून येणारा पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा असतो. चुनखडीच्या जमिनीतील संत्र्यावरही आपण तो पाहिला असेल. जमिनीत लोह असते, पण सामू जास्त असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. कडा जळण्याचे कारण पाणी आहे. आपला तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात, येतो आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार मेपलला मुळीच सोसत नाहीत. पानाच्या कडेपर्यंत आलेले पाणी उडून जाते आणि क्षार तेथे साठतात. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली टाकी लावून ते पाणी या कुंडीसाठी राखून ठेवावे. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी कुंड्यांना घालण्याची पद्धत हल्ली पडली आहे. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, तेव्हा ते मुळीच घालू नये.

प्रश्न : काश्मीरचा चिनार म्हणजेच मेपल काय? (वाशीम जिल्ह्यातून)

उत्तर : नाही. पानांचा आकार मिळताजुळता असल्याने हा गोंधळ होतो. चिनार हा प्लाटानस ओरिएंटालिस, त्याचे कूळ निराळे. फांदीवर मेपलची पाने समोरासमोर जोडीने येतात, चिनाराची एकाआड एक. चिनाराचे फळ लोंबत्या गोट्यासारखे असते आणि मेपलचे पंखांच्या जोडीसारखे. खरे मेपलही भारतात आहेत, पण ते हिमालयात.

प्रश्न : चिखलदऱ्याजवळ आमची राहण्या-जेवणाची छोटी सोय आहे. येथे थंडी चांगली पडते. रस्त्याच्या कडेने पन्नास मेपल लावले, तर हिवाळ्यात पर्यटक रंग पाहायला येतील असे वाटते. आपला सल्ला काय?

उत्तर : विदर्भात मेपलला काही आशा असेल तर ती आपल्याच गावी आहे, हे मान्य. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर असलेल्या या पठारावर कॉफीही होते, आणि मेळघाटातल्या रात्री सपाटीपेक्षा गार असतात. तरीही पन्नास झाडांचा खर्च आताच करू नये. येथील पाऊस जोरदार आहे आणि निचरा नसेल तर मेपलची मुळे एका पावसाळ्यात कुजतात. एप्रिल-मे सपाटीहून सौम्य असला तरी हवा कोरडीच असते. आणि अक्षांश तर बदलत नाही; दिवसाच्या लांबीचा प्रश्न चिखलदऱ्यातही तोच राहतो.

उताराच्या पूर्वेकडील बाजूस, मोठ्या झाडांच्या कवडशात, ‘ओसाकाझुकी’ची तीन कलमे लावून तीन वर्षे पाहावीत. दरवर्षी पाने कधी फुटली, कधी करपली, रंग कोणत्या आठवड्यात आला, रात्रीचे तापमान किती होते, याची वही ठेवावी. तीनपैकी दोन झाडांनी सलग दोन हिवाळे रंग दाखवला तर पुढचा विचार. मात्र आपल्या पर्यटकांना रंगच दाखवायचा असेल, तर डिसेंबरात तांबूस होणारा धावडा आणि गळण्याआधी लालसर पडणारा लेंडिया आपल्या आसपासच्या जंगलात आधीच उभे आहेत. पाहुण्यांना सकाळी त्या वाटेने फिरवून आणायला एक रुपयाही लागत नाही, आणि परदेशी झाडांच्या रांगेपेक्षा मला तरी ती वाट पाहायला आवडेल.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षिका आहे. पाठ्यपुस्तकातील लाल झाडांचे चित्र पाहून चौथीच्या मुलांनी ‘आपल्या शाळेत लाल झाड लावू’ असा हट्ट धरला आहे. मेपल जगणार नसेल, तर मुलांना काय सांगू आणि काय लावू?

उत्तर : बाई, आपण कुसुम लावा, ज्याला पुस्तकात कोशिंब म्हणतात. मुलांना निराश करण्याचेही कारण नाही, कारण हे झाड मेपलच्याच कुळातले आहे. पूर्वी मेपलचे कूळ स्वतंत्र मानत. आता रिठा, लिची, कुसुम आणि मेपल ही सगळी एकाच रिठाकुळात घेतली जातात. भावकी दूरची आहे, पण आहे.

फरक असा, की कुसुम लाल होतो तो पान गळताना नव्हे, पान फुटताना. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, सगळे जंगल उघडेबोडके आणि करडे झालेले असताना, कुसुमाचे झाड शेंड्यापासून बुडापर्यंत लालभडक पालवीने भरते आणि लांबून पाहणाऱ्याला ते फुललेले वाटते. हा रंगही अँथोसायनिनचाच. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरते, तोवर तीव्र उन्हापासून बचाव करण्याचे काम हे लाल द्रव्य करते. दोन-तीन आठवड्यांत पान तांबूस, पोपटी आणि मग गर्द हिरवे होते, आणि ऐन उन्हाळ्यात त्याची सावली दाट असते. मोहाची आणि पिंपळाची पालवीही तांबूस असते, ती मुलांनी पाहिलेली असेलच. कुसुमाची त्या दोघांहून कितीतरी लाल.

आपल्याकडे पानगळ थंडीने कमी आणि पाण्याच्या टंचाईने जास्त होते. साग, सालई, मोवई यांची पाने कोरड्या हवेत झपाट्याने वाळतात, त्यांना लाल होण्याइतकी सवडच मिळत नाही. अपवाद आहे तो देशी बदामाचा, ज्याची मोठी पाने गळण्याआधी खरोखर शेंदरी-लाल होतात, तीही पुष्कळदा वर्षातून दोनदा. त्यामुळे मैदानाच्या एका कोपऱ्यात कुसुम आणि दुसऱ्यात देशी बदाम लावला, तर मुलांना दोन्ही प्रकारचे लाल पान पाहायला मिळेल : एक कोवळे, एक पिकलेले. त्या दोन्ही पानांना एकाच दिवशी वहीत दाबून ठेवायला सांगावे.

कुसुम सावकाश वाढतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. चौथीतली मुले दहावीत जातील तेव्हा झाड डोक्याच्या वर गेलेले असेल. बियांसाठी गावातल्या लाखवाल्यांना विचारा, कारण कुसुमावरची लाख सर्वांत चांगली मानली जाते आणि त्यांना प्रत्येक झाड ठाऊक असते. फळे जून-जुलैमध्ये पिकतात. त्यांचा आंबट गर मुलांनी खाऊन टाकावा आणि ताज्या बिया त्याच आठवड्यात पिशव्यांत लावाव्यात. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप जमिनीत जाईल. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण मात्र पहिल्याच दिवशी घालून घ्यावे, कारण शाळा सुटल्यावर मैदानात शेळ्या येतात आणि लाल पालवी त्यांनाही आवडते.